जावईबापूंचा डावा डोळा

जावईबापूंनी सासूबाईंना डोळा मारला, तेव्हा सासूबाई चहात बिस्किट बुडवत होत्या. ते बिस्किट तसंच बुडालं.

आता जावईबापू हा काय माणूस होता, हे आधी सांगायला हवं, नाहीतर भलताच गैरसमज व्हायचा. नाकासमोर चालणारा माणूस. लग्नात फोटोवाला 'जरा हसा' म्हणाला, तर यांनी 'कशाला?' असं विचारलं होतं, आणि तेही मनापासून. कोणी विनोद सांगितला तर ते शेवटपर्यंत नीट ऐकून घेत आणि मग 'बरं, पुढे काय झालं?' म्हणत. अशा माणसाने सासूला डोळा मारावा, आणि तोही चारचौघांत, हे कोणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. खुद्द जावईबापूंना तर आपण काही केलं याचा पत्ताच नव्हता.

सासूबाईंचा भरतकामाचा कारखाना होता. खाली बारा डोक्यांचं मशीन होतं. एका लांब दांडीवर शिवणाची बारा डोकी ओळीने बसवलेली, आणि ती एकाच वेळी बारा टोप्यांवर एकच चित्र भरत. शाळांचे बिल्ले, खेळाडूंच्या टोप्या, हॉटेलांच्या टॉवेलांवरची अक्षरं, सगळं त्यावरच निघे. वर पोटमाळ्यावर जावईबापूंचं टेबल. चित्रातला एकेक टाका कुठून निघून कुठे जाणार, हे कॉम्प्युटरवर आखून द्यायचं ते त्यांचं काम, आणि ते काम ते डोळ्यांत तेल घालून करत. कारखान्यातले सगळे लोक त्यांना जावईबापूच म्हणत. दोऱ्यांची रिळं पोचवणारा टेम्पोवालासुद्धा.

टेबलावर मॉनिटर होता तो जुना, पाठीला भलंमोठं पोट असलेला. डिझाइनचं सॉफ्टवेअर फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरवर चाले, आणि त्या कॉम्प्युटरचं फक्त त्या मॉनिटरशी जमे. नवा घेऊ या म्हटलं की सासूबाई विचारत, "हा चालतोय ना?" चालत तर होता. फक्त लुकलुकायचा. समोरून बघितलं तर फारसं कळत नसे, पण शेजारच्या रिळांकडे मान वळवली की डोळ्याच्या कोपऱ्यात पडदा असा थरथरे, की बाजूला उभं राहून कोणीतरी शुक शुक करतंय असं वाटे. जावईबापूंनी तो प्रत्येकाला दाखवून पाहिला. प्रत्येकाने समोर उभं राहून, टक लावून बघितलं आणि "काही नाही हो," असं सांगितलं. शेवटी त्यांनी तो विषय सोडून दिला. त्यांच्या डाव्या डोळ्याने मात्र सोडला नाही.

तर त्या दिवशीचा चहा साधा नव्हता. सासूबाईंचे गुडघे बोलायला लागले होते. कारखाना कोणा एका जावयाच्या हाती सोपवून बहिणीकडे जाऊन राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. दोन्ही मुली आणि दोन्ही जावई समोर बसले होते. कारखान्याची किल्ली सासूबाईंच्या गळ्यात जाड दोरीला लटकत असे, आणि त्या बोलत असताना सगळ्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं.

"मला एकच शब्द हवाय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यामागे मशीन विकायचं नाही. हातांनी टाके घालून घालून मी ते उभं केलंय. बोला."

थोरले जावई कारखान्याची विक्री बघत. गोड बोलण्यात त्यांचा हातखंडा. भरतकामाचे दिवस संपले, मशीन काढून टाकावं आणि छपाई सुरू करावी, असं ते सासूबाई सोडून सगळ्यांना सांगत असत. आता मात्र त्यांनी सासूबाईंच्या डोळ्यांत डोळे घातले आणि पापणीही न हलवता सांगितलं, "आई, मशीन म्हणजे आपलं घर आहे. घर कोणी विकतं का?"

हे ऐकून जावईबापू साडूंकडे बघतच राहिले. साडू काय बोलत फिरतात ते त्यांना ठाऊक होतं. पण आपण ते सांगावं तर किल्लीसाठी चहाडी केल्यासारखं दिसणार. तेव्हा त्यांनी मूग गिळले आणि आपल्यापुरतं खरं तेवढं सांगितलं. "आई, माझ्या जिवात जीव आहे तोवर मशीन जागचं हलणार नाही."

आणि डावा डोळा मिटून उघडला. चांगला ठसठशीत.

बिस्किट बुडालं ते तेव्हा. सासूबाईंनी कप खाली ठेवला आणि "बघते मी," एवढंच म्हणाल्या. थोरल्या जावयांनी जावईबापूंकडे असं काही बघितलं, जणू हरवलेला भाऊ सापडला. निघताना दारात त्यांनी पाठीवर थापही मारली. "छुपे रुस्तम आहात, साडूभाऊ."

घरी जाताना बायको चार पावलं पुढे चालत होती. शेवटी थांबलीच.

"तुम्ही आईला डोळा का मारलात?"

"कोणी?"

"तुम्ही."

"मी? आईंना?"

"लग्नाला इतकी वर्षं झाली," बायको म्हणाली, "मला कधी मारला नाहीत."

घरी गेल्यावर आरशासमोर उभं राहून सगळा उलगडा झाला. डोळा आपल्या मनाने उडत होता. तोही गप्प बसलं तर नाही, पण कळकळीने काही बोलायला गेलं की हमखास. आता हे आईला जाऊन सांगावं, असं बायकोने सुचवलं. जावईबापूंनी दुसऱ्याच दिवशी तसं सांगितलंही. "आई, मी तुम्हाला मुद्दाम डोळा मारत नाही," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणता मारला.

मग अडचणींना तोंड फुटलं. जगात खोटं बोलणाऱ्याला जेवढा त्रास होत नाही तेवढा या खरं बोलणाऱ्या माणसाला व्हायला लागला. एका शाळेच्या बिल्ल्यांचं मोठं काम आलं होतं. बिल्ल्यावर घुबड होतं. मुख्याध्यापिका नमुना बघायला आल्या.

"रंग पक्का आहे ना?" त्यांनी विचारलं.

"अगदी पक्का," जावईबापू म्हणाले, आणि डोळा उडाला.

मुख्याध्यापिकांनी घुबड त्यांच्यादेखत धुवायला लावलं. मग गरम पाण्यात उकळायला लावलं. घुबडाचा रंग काही गेला नाही, पण बाईंची शंकाही गेली नाही. "नवं घुबड आखून ठेवा, विचार करून कळवते," म्हणून त्या गेल्या, आणि सासूबाई दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या.

जावईबापूंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. किल्ली जाणार याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे होतं, की किल्ली साडूंकडे गेली की बारा डोकी भंगारात जाणार, आणि खालचं मशीन चालवणाऱ्या ताईने काय करायचं, आणि आपण तरी टाक्यांशिवाय दुसरं काय शिकलोय. ते उठले आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकून बघितलं, अक्षरं वाचायला लावली.

"डोळे ठणठणीत आहेत. फक्त थकलेत. पापणी उडतेय ती थकव्यामुळे. दिवसभर स्क्रीनसमोर असता का? तो लुकलुकतो?"

जावईबापूंना अक्षरशः गहिवरून आलं. विश्वास ठेवणारा पहिला माणूस भेटला होता.

"रिफ्रेश रेट वाढवा," डॉक्टर चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले. "साठ असणार. पंच्याहत्तर करा. आणि हे थेंब देतोय."

"साठ?" जावईबापू थक्क झाले. "साधारण तेवढंच होत असेल हो. पण पंच्याहत्तर म्हणजे... जेवणाआधी की जेवणानंतर?"

"कधीही चालेल," डॉक्टर म्हणाले, कारण ते थेंबांचं बोलत होते. आणि त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. जावईबापू ज्या क्लासात कॉम्प्युटर शिकले, तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी एक मंत्र दिला होता: काम सुरू करताना रिफ्रेश, काम अडलं की रिफ्रेश, काम संपलं की रिफ्रेश. म्हणजे कीबोर्डवरचं एफ-फाइव्ह दाबायचं. पडद्यावरची सगळी चित्रं क्षणभर नाहीशी होतात आणि परत येतात. त्याने नेमकं काय होतं, हे सरांनी सांगितलं नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं. पण चूळ भरल्यावर जसं बरं वाटतं तसं ते दाबल्यावर वाटे, आणि त्या क्लासातून बाहेर पडलेला प्रत्येक माणूस ते इमानेइतबारे दाबत आला होता. तेव्हा डॉक्टर 'रिफ्रेश वाढवा' म्हणाले, याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे जावईबापूंच्या स्वप्नातही आलं नाही. उलट, आपण दिवसाला साधारण साठ वेळा दाबतो हे नुसत्या बुबुळात बघून ओळखणाऱ्या माणसाबद्दल त्यांना अपार आदर वाटला.

मोजणी चुकू नये म्हणून त्यांनी दोन वाट्या घेतल्या आणि एकीत पंच्याहत्तर बटणं टाकली. डिझाइन बाजूला सारायचं, एफ-फाइव्ह दाबायचं, एक बटण या वाटीतून त्या वाटीत टाकायचं, डिझाइन परत आणायचं. दर वेळी पडद्यावरची सगळी चित्रं एकदम मिटत आणि उघडत, म्हणजे पडदाच त्यांना डोळा मारी. लुकलुक होती त्यात आणखी लुकलुक. दोनच दिवसांत डोळा आधीपेक्षा जास्त उडू लागला. तेव्हा औषध कमी पडतंय असं समजून जावईबापूंनी बटणं दुप्पट केली. एफ-फाइव्हवरचं अक्षर पुसून गेलं.

"जावईबापू, घुबड झालं का?" खालून मशीनवाली ताई ओरडे.

"डोळे राहिलेत," वरून उत्तर जाई.

एके दिवशी सासूबाई गुडघे धरत धरत पोटमाळ्यावर चढल्या. समोर जावई बसलेला, दोन्ही बाजूंना बटणांच्या वाट्या, आणि एक बोट टकाटक चाललेलं.

"हे काय चाललंय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय, आई. डोळ्यांसाठी." जावईबापू उठून उभे राहिले. "खरंच सांगतो." डोळा दोनदा उडाला.

सासूबाईंनी बराच वेळ त्या वाट्यांकडे बघितलं. या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय की हा आपल्याला बनवतोय, हे त्यांना ठरवता येईना. मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून त्या खुर्चीत मी बसणार. दिवसभर इथे काय चालतं ते मला एकदा बघू दे."

आणि त्या खरंच बसल्या. जावईबापू शेजारी उभे राहून सांगत, त्या माउस फिरवत. पहिला दिवस कुरकुर करण्यात गेला. पण सगळं आयुष्य हातांनी टाके घातलेलं, बोटांना सगळं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी घुबडाच्या पंखातला उलटा पडणारा टाका पकडला. तिसऱ्या दिवशी त्या चहालाही उठल्या नाहीत. जावईबापूंनी अदबीने वाटी पुढे केली. "आई, मधून मधून रिफ्रेश करायला हवं."

"मी आहे तशी बरी आहे," सासूबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या.

असं मन लावून बसण्यात आठवड्याची अखेर आली आणि माउस अचानक बंद पडला. वायर मागून सुटली होती. जावईबापू टेबलाखाली शिरले. ते तिथे धुळीत चाचपडत असतानाच जिन्यावर पावलं वाजली आणि टेबलासमोर थोरल्या जावयांचे चकचकीत बूट येऊन थांबले.

"बरं झालं आलात," वरून सासूबाईंचा आवाज आला. "मी विचार केला. किल्ली तुम्हालाच द्यावी म्हणते."

टेबलाखाली जावईबापू चाचपडायचे थांबले. वायर हातातच राहिली.

"पण मशीन जपायचं," सासूबाई पुढे म्हणाल्या. त्यांचा आवाज जड झाला होता. "दोन मुलींसारखं ते माझं तिसरं लेकरू आहे. ते विकलेलं मला चालायचं नाही. अगदी मनापासून सांगते."

बूट जरा पुढे सरकले. मग थोरले जावई हसले, आधी दबकत आणि मग मोकळेपणाने.

"काय आई तुम्ही पण. मला आत्तापर्यंत वाटत होतं, की तुम्ही खरंच बोलताय."

"म्हणजे?"

"कळलं, कळलं. बाहेर बोलायचं नाही. अहो, सगळं ठरलंय. तुम्ही गुडघे दाखवायला गेला होतात ना, त्या दिवशी ते लोक मशीन बघूनसुद्धा गेले. बाराच्या बारा डोकी एकदम उचलतात म्हणाले. छपाईचं मशीन मी बघून ठेवलंय. मशीनवाल्या ताईला समजावू काहीतरी. साडूभाऊ तर आपल्याच बाजूने आहेत, त्यांनी त्या दिवशी चहाला मला खूण केलीच की."

"खूण नव्हती ती," असं म्हणत जावईबापू ताडकन उठले. ते टेबलाखाली आहेत हे त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. डोकं टेबलाला आपटलं, वाटी उलटली, आणि बटणं घरंगळत जिन्यावरून खाली गेली. कपाळ चोळत ते बाहेर आले. साडू भूत बघितल्यासारखे उभे होते. आणि खुर्चीत सासूबाई ताठ बसल्या होत्या, चेहरा दगडासारखा गंभीर, आणि त्यांचा डावा डोळा टपाटप उडत होता.

"मोठे जावई," सासूबाई सावकाश म्हणाल्या, "मी तुम्हाला डोळा मारला?"

"मारलात की, आई. दोनदा." साडूंचा आवाज चिरका झाला होता. "आत्ता परत मारलात."

सासूबाईंनी बोट डोळ्यावर ठेवलं. बोटाखाली पापणी उडत होती. त्या जावईबापूंकडे वळल्या.

"तुमचं हे असंच होतं?"

"हो, आई."

"म्हणजे त्या दिवशी चहाला..."

"मी खरंच सांगत होतो," जावईबापू म्हणाले. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि दोघांचे डावे डोळे उडत राहिले. थोरल्या जावयांनी हळूच जिना गाठला. चौथ्या पायरीवर बटणांवरून त्यांचा पाय घसरला, पण फार लागलं नाही. पुढे विक्रीचं काम त्यांच्याकडेच राहिलं, कारण घुबड परत मुख्याध्यापिकांच्या गळ्यात घालणं दुसऱ्या कोणाला जमणारं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई त्याच डॉक्टरांकडे गेल्या. जावईबापू सोबत होते. डॉक्टरांनी डोळ्यात उजेड टाकला आणि तेच सांगितलं: रिफ्रेश रेट वाढवा.

सासूबाई कधी कुठल्या क्लासाला गेल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांनी सरळ विचारलं, "म्हणजे काय?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पडद्यावरचं चित्र स्थिर दिसतं, पण ते तसं नसतं, ते म्हणाले. मॉनिटर ते पुन्हा पुन्हा काढत असतो, एका सेकंदात साठ वेळा. तुमच्याकडे आहे तशा जुन्या मॉनिटरला साठ कमी पडतात, म्हणून तो लुकलुकतो आणि डोळे शिणतात. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन साठच्या जागी पंच्याहत्तर निवडायचं. एकदाच.

"एकदाच," सासूबाईंनी जावयाकडे बघत म्हटलं.

जावईबापू भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होते, अगदी खालच्या ओळीपर्यंत.

परत आल्यावर त्यांनी सेटिंग शोधलं. साठ होतं. पंच्याहत्तर निवडलं. पडदा क्षणभर काळा झाला, मॉनिटरने आत कुठेतरी टिक असा आवाज केला, आणि चित्र परत आलं. जावईबापूंनी मान वळवून रिळांकडे बघितलं. डोळ्याच्या कोपऱ्यात कोणी शुक शुक करत नव्हतं. त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते उगाचच तीन-चार वेळा रिळांकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंच्या घरी परत चहा झाला. दोघांचेही डोळे थाऱ्यावर आले होते. सासूबाईंनी गळ्यातली दोरी काढली आणि किल्ली मुठीत धरली.

"आता परत एकदा सांगा. मशीन विकणार नाही ना?"

"नाही, आई. माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही," जावईबापू म्हणाले.

सासूबाई त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघत थांबल्या. डोळा शांत होता. त्या आणखी थोडा वेळ थांबल्या. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"उडाला नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही खरं बोलताना तो उडायचा."

जावईबापूंनी बायकोकडे बघितलं. बायकोने खांदे उडवले. मग त्यांनी श्वास घेतला, चेहरा होता तितका गंभीर ठेवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण शुद्धीवर राहून, सासूबाईंना डोळा मारला. सवय नसल्याने दोन्ही मिटले.

उघडले तेव्हा किल्ली त्यांच्या हातात होती.